जांभळ्या झग्यासकट सात थर

डोंगरावर राहणाऱ्या माणसाने नटायचा हट्ट धरू नये, असं इडवल प्यूचं म्हणणं होतं. आणि नटायचंच नसेल तर माणसाच्या जन्माला तरी कशाला यावं, मेंढी व्हावं की सरळ, असं त्याच्या बायकोचं, टेगवेनचं. या एका मुद्द्यावर दोघांनी चौतीस वर्षं गुण्यागोविंदाने भांडत संसार केला होता.

तसं दोघांचंही बरोबरच होतं. त्यांच्या डोंगरावर ऑक्टोबरात पाऊस सुरू झाला की तो ईस्टरपर्यंत मुक्कामाला. वरून पडायचा, वाऱ्यावर स्वार होऊन आडवा यायचा, आणि गवतातून चालायला लागलं की खालूनही चढायचा. अंगावरचा कपडा ओला आहे की नुसता थंड आहे, हे कळेनासं व्हायचं. अशा ठिकाणी इडवलने आपल्यापुरता प्रश्न सोडवून टाकला होता: एक काळा सूट. लग्नाला तोच, मयताला तोच, मेंढ्यांच्या बाजारालाही तोच. त्याचे वडील, म्हातारा मायरिग, त्याच्याही पुढचे. ते खांद्यावर पेंडीचं पोतं घ्यायचे, पुढे खिळा टोचून अडकवायचे, की झाला थाट. वय एक्क्याण्णव. "पोत्याला इस्त्री लागत नाही," एवढंच ते सांगायचे.

टेगवेनचं मात्र तसं नव्हतं. ती म्हणायची, "सहा दिवस शेणात आहोतच ना आपण? मग सातव्या दिवशी देवाला वाटू दे की, अरे, ही बाई कोण बुवा?" आणि देवाला तसं वाटावं म्हणून तिने काय काय नाही केलं! एकदा जाड लोकरीचा लांब कोट शिवून घेतला. दिसायला राणीचा. त्याने अर्धा ओढा शोषून घेतला, चॅपेलमध्ये शेगडीजवळ बसल्यावर वाफा सोडल्या, आणि तिसऱ्या भजनापर्यंत सगळ्या बाकांवर ओल्या मेंढीचा वास पसरला. एकदा फेल्टची हिरवी टोपी आणली. ती भिजली, वाळली, आटली, आणि आता हिवाळ्यात चहाच्या किटलीवर घालतात. उंच टाचांचे बूट तर पहिल्याच फाटकाशी चिखलात गेले. एक सापडला. दुसऱ्याचा शोध इडवल दर उन्हाळ्यात घेतो, म्हणजे घेतो असं म्हणतो.

कारण घरापासून चॅपेलपर्यंत दोन मैल उतार, तीन फाटकं आणि एक ओढा. ट्रॅक्टर इडवल चालवणार, म्हातारे सासरे मागच्या लोखंडी पेटीत गवताच्या गठ्ठ्यावर बसणार. मग उतरून फाटकं उघडायला राहिलं कोण? आणि फाटक म्हणजे जिथे वर्षानुवर्षं गुरं उभी राहून चिखल मळतात ती जागा.

खाली चॅपेलच्या दारासमोरच आयर्लिस बेबचं घर. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत अकरा पावलं. ती अकरा पावलं आयर्लिस छत्रीखालून, मखमली चपला घालून, राजहंसासारखी चालत यायची. चॅपेलची किल्ली तिच्याकडे, फरशी पुसून मेण लावायचं कामही तिच्याकडे. त्या फरशीत माणसाला आपलं तोंड दिसायचं. टेगवेन दारातून आत आली की आयर्लिसची नजर आधी फरशीवर जायची, मग टेगवेनच्या पायांवर, आणि मग गोड आवाजात, "काय गं टेगवेन, यंदाही पोहतच आलीस वाटतं?"

हे एकवेळ चाललं असतं. पण गेल्या नाताळच्या पहाटे जे झालं ते चालण्यासारखं नव्हतं.

नाताळच्या पहाटे सहाला, कोंबडं आरवायच्या सुमाराला, त्या चॅपेलमध्ये प्लगेन असते. आधी एक भजन, प्रार्थना, पाळकबुवांचे चार शब्द. मग ते म्हणतात, "प्लगेन खुली आहे," आणि बसतात. त्यापुढे कोणी कोणाचं नाव पुकारत नाही. पेटी नाही, बाजा नाही, टाळ्या नाहीत. सगळं शांत. त्या शांततेत कुणीतरी एक घर उठतं, तिघं-चौघं पुढे जातात, डोक्याला डोकं लावून उभे राहतात आणि येशूच्या जन्माचं आपल्या घराण्याचं गाणं गाऊन मुकाट्याने जागेवर येतात. मग दुसरं घर. नियम दोनच. जो उठून पुढे गेला त्याने गायचंच, मग तो खोकला आला म्हणून उठला असला तरी. आणि एकदा गायलं गेलेलं गाणं त्या पहाटे पुन्हा कुणी गायचं नाही.

प्यूंचं गाणं मायरिगच्या वडिलांपासून चालत आलेलं. सतरा कडवी, तीन आवाज. वरचा इडवलचा, मधला टेगवेनचा, आणि खालचा मायरिगचा. तो असा की बाकाच्या लाकडातून आपल्या पाठीला ऐकू येई. गेल्या वर्षी पाळकबुवांना सर्दी झाली होती, त्यांनी दोन मिनिटांत आवरलं. टेगवेन मागच्या खोलीत ओले मोजे पिळत होती. बाहेर येऊन बघते तर आयर्लिस, तिचा नवरा ट्रेवोर आणि नणंद असे तिघं पुढे उभे, आणि गाणं कुठलं? प्यूंचं! सतराच्या सतरा कडवी!

"अगं, मला वाटलं तुम्ही ओढ्यापलीकडेच अडकलात," आयर्लिस नंतर चहाचा कप पुढे करत म्हणाली. "एवढं छान गाणं वर्षभर राहून जायला नको ना, म्हणून म्हटलं हो."

प्यू मंडळी न गाता घरी आली. मायरिग तीन दिवस फक्त गाईशी बोलले. आणि या वर्षी पानगळीत त्यांना न्यूमोनिया झाला, डॉक्टरने मान हलवली, तेव्हा त्यांनी अंथरुणातून एवढंच म्हटलं, "नाताळपर्यंत ठेवा म्हणावं. गाणं राहिलंय."

नाताळ आला, म्हातारा अजून होता. आता गाणं राहता कामा नये, हे टेगवेनने मनावर घेतलं.

इडवल म्हणाला, "सोपं आहे. तू गमबूट घालून सरळ आत ये. माझ्यासारखी."

"आणि आयर्लिस?"

"तिला काय करायचंय?"

"तिला काय करायचंय ते तुला नाही कळायचं. तू पुरुष आहेस. वर सूटवाला."

तिने तोड काढली ती अशी. त्या सगळ्या फजित्यांनंतर ती चांगले कपडे पिशवीतून न्यायची आणि तिथे बदलायची. यंदा चांगले आधी घालायचे आणि चिखलाचे वरून. तिथे पोचल्यावर बदलायचं काही नाही, नुसतं सोलायचं. सगळ्यात आत जांभळा लोकरी झगा, घोट्याच्या वरच थांबणारा, म्हणजे चिखलही नको आणि लाजही नको. त्यावर छाती गरम राहावी म्हणून गावच्या साप्ताहिकाचे दोन अंक. त्यावर गरम पाण्याची रबरी पिशवी, कारण मधला आवाज थंडीत बसतो. त्यावर इडवलचा जुना स्वेटर. मग पट्टे लावलेली रबरी विजार, मग मेणकापडाचा कोट, आणि सगळ्यात वर खताची प्लॅस्टिकची गोणी, तळाला डोक्यापुरतं एक भोक आणि बाजूंना हातांना दोन. असे सात थर. गोणी फडफडू नये म्हणून कमरेला गठ्ठे बांधायची निळी दोरी. डोक्यावर पिसाची नवी टोपी, तिच्यावर पावाची पिशवी, हनुवटीखाली गाठ. पायात गमबूट. आणि काळ्या मखमली चपला (हो, मखमलीच, आयर्लिसच्यांपेक्षा एक बोट उंच) बिस्किटांच्या डब्यात.

नाताळच्या आधी आठवडाभर स्वयंपाकघरात तालीम चालली. अंडं उकडायचं वाळूचं घड्याळ इडवलने हातात धरायचं. टेगवेन दाराबाहेरून आत यायची आणि सुरू! गोणी टेबलावर, कोट खुर्चीवर, विजार कुत्र्यावर.

"पाच मिनिटं," इडवल म्हणायचा.

"पुन्हा."

"जेवायचं काय?"

"पुन्हा!"

मायरिग चुलीपाशी बसून बघायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सूनबाई, तुझ्या सासूला मी बारा वर्षं बघत होतो लग्नाआधी. एवढे कपडे तिने सगळे मिळूनही काढले नसतील."

"बाबा! नाताळ आहे!"

"म्हणून तर चांगलं बोललो."

शेवटी साडेतीन मिनिटांवर आली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा साडेतीन. टेगवेन त्या दिवशी गाणं गुणगुणतच झोपली.

पहाट उजाडली म्हणायची, पण उजेडाचा पत्ता नव्हता. आडवा पाऊस. मायरिग पेटीत दोन पोती घेऊन बसले, मांडीवर कंदील. पहिल्या फाटकाशी टेगवेन उतरली, चिखल घोट्यापर्यंत, दुसऱ्याशी पोटरीपर्यंत, तिसऱ्याशी इडवलने हात देऊन ओढून काढली तेव्हा बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज झाला. ओढा फुगला होता. ट्रॅक्टरने पाणी उडवलं ते सगळं डाव्या बाजूने तिच्यावर. पण आत? आत ती भाकरीसारखी कोरडी आणि गरम होती! गोणीवरून पाणी निथळत होतं आणि ती मनात म्हणत होती, ये बाबा, पड, अजून पड.

चॅपेलशी पोचले तेव्हा आतून पहिलं भजन ऐकू येत होतं. "तुम्ही दोघं पुढच्या दाराने जा," टेगवेन कुजबुजली. "बाबांना तिसऱ्या बाकावर बसव. मी मागच्या खोलीतून आलेच. भजन, प्रार्थना, पाळकबुवांचे चार शब्द. मला लागतात साडेतीन मिनिटं. वेळच वेळ आहे."

"पाळकबुवा म्हणालेत, पाच मिनिटांत आवरतो," इडवल म्हणाला.

"मग दीड मिनिट उरेल. आरसा बघेन."

मागची खोली म्हणजे वेदीच्या बाजूला, मंडळीतल्या थोरांच्या पुढच्या बाकाला लागूनच. मध्ये एक फळ्यांचं दार. आत छोटी शेगडी पेटलेली, चहाची भांडी मांडलेली, सकाळच्या न्याहारीचा मनुकांचा पाव कापून फडक्याखाली झाकलेला. टेगवेनने दिवा लावला आणि दोरीला हात घातला.

गाठ सुटेना.

स्वयंपाकघरात दोरी कोरडी होती. इथे ती भिजून, फुगून, दगड झाली होती. आणि दोरी सुटल्याशिवाय गोणी निघत नाही, गोणी निघाल्याशिवाय कोट नाही, कोटाशिवाय काहीच नाही. टेगवेनने दातांनी ओढून पाहिली. दात हलला, गाठ नाही. पण बाई कामाची होती, गोंधळ घालणारी नव्हती. तिने विचार केला, गाठ शेगडीच्या बाजूला धरू, तोवर पाय उरकू. उजवा गमबूट काढला. डब्यातली उजवी चप्पल घातली. डाव्या गमबुटाला हात घातला.

तेवढ्यात पलीकडे पाळकबुवा बोलायला उभे राहिले.

पाळक एल्वेड हा साधा माणूस. आठवड्याचे इतर दिवस भेटला तर हवापाण्याशिवाय बोलणार नाही. प्रवचनही तो सुरू करायचा ते दुकानात यादी वाचल्यासारखं. पण कधीतरी, सांगून नाही, ठरवून तर नाहीच, एखाद्या वाक्याशी त्याचा आवाज अडखळायचा, तिथून एक पायरी वर जायचा, आणि बोलणं सुटून गाणं लागायचं. मग शब्दाला शब्द नाही, सुराला सूर जोडत जायचा तो, आणि ऐकणाऱ्याला आपण बसलोय की उभे आहोत याचं भान राहायचं नाही. असं वर्षातून एकदा होई. दोनदा झालं तर त्या वर्षी मेंढ्यांना जुळी होतात म्हणायचे.

"तर मेंढपाळ बेथलेहेमला गेले," फळ्यांपलीकडून यादी सुरू झाली. "लगबगीने गेले, असं शास्त्र सांगतं. ठीक आहे. पण मी काल रात्री विचार करत होतो... मेंढरांपाशी कोण राहिलं?"

टेगवेनचा हात गमबुटावर थांबला.

"तुम्ही सगळे मेंढरंवाले. सांगा मला. डोंगरावर, अंधारात, कळप उघडा टाकून सगळेच्या सगळे गेले असतील? तुम्ही गेला असता?"

"नाही!" कुणीतरी म्हातारा बाकावरून म्हणाला. तो मायरिगचा आवाज होता.

"नाहीच! कुणीतरी एक मागे राहिला असणार. कुणीतरी म्हणाला असेल, जा तुम्ही, मी बघतो. आणि तो एक..." इथे आवाज अडखळला. टेगवेनच्या अंगावर सात थरांच्या खाली काटा आला. तिला कळलं. "...त्या एकाने बाळ नाही पाहिलं. गोठा नाही पाहिला. मरियेचा चेहरा नाही पाहिला..."

आणि लागला सूर. एक पायरी, दुसरी पायरी. तो मागे राहिलेला मेंढपाळ थंडीत उभा आहे, सगळे गेले आहेत, चूड विझत आली आहे, एक लंगडी मेंढी त्याच्या पायाशी आहे. आणि तो म्हणतो, प्रभू, माझं काय? आवाज आता छपराशी गेला होता. प्रभू, माझं काय? आणि वरून उत्तर येतं, तू राखलंस म्हणून ते आले! तू राखलंस! तू राखलंस! प्रत्येक वेळी आधीच्याहून वरच्या स्वरात, आणि बाकांवरून आमेनची लाट मागून येते आहे, पुन्हा येते आहे.

टेगवेन एका पायात मखमल आणि एका पायात गमबूट घालून, गोणीत, फळ्यांना कान लावून उभी होती, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. चौतीस वर्षं लग्नांना, जत्रांना, नातेवाइकांकडे जाताना मागे कोण राहिलं होतं? तू राखलंस! तिचा हात आपोआप वर गेला होता. गाठ शेगडीजवळ धरायची होती, तेही विसरली. मग सूर पायरी पायरीने उतरला, शेवटची पायरी जमिनीला लागली, आणि पाळकबुवा पुन्हा यादी वाचल्यासारखे म्हणाले, "प्लगेन खुली आहे."

शांतता.

टेगवेन खाली बघते तर सातही थर जागच्या जागी.

तिने दाराच्या फटीतून पाहिलं. इडवल तिसऱ्या बाकावर, मान लांब करून दाराकडे बघतोय. मायरिगच्या डोळ्यांत अजून प्रवचनाचं पाणी. त्यांनी पोतं काढून घडी करून मांडीवर ठेवलं होतं. म्हातारा तयार बसला होता. आणि मधल्या वाटेने, राजहंसासारखी, आयर्लिस बेब निघाली होती. मागे ट्रेवोर. मागे नणंद.

अंडं उकडायला वेळ नव्हता. कच्चं फोडायलाही नव्हता. टेगवेनने दार ढकललं आणि बाहेर पाऊल टाकलं.

दोनशे डोळे. जो पुढे आला त्याने गायचं. आणि दार उघडत होतं ते थेट पुढेच. आयर्लिस चार पावलांवर जागच्या जागी थांबली. नियम तिलाही माहीत होता. चॅपेलच्या त्या शांततेत एकच आवाज येत होता: खताच्या गोणीचा. टेगवेनने श्वास घेतला तरी ती चुरचुर करत होती.

इडवलचं तोंड उघडं पडलं, पण चौतीस वर्षांचा नवरा तो. उठला. बापाला काखेत हात घालून उठवलं. दोघं पुढे आले. तिघांनी डोकी जवळ आणली.

"सूर दे," इडवल पुटपुटला.

टेगवेनचे डोळे मोठे झाले. गाण्याआधी गुडघ्यावर आपटून सूर घ्यायचा तो दोन बोटांचा लोखंडी नादकाटा तिच्याकडे असायचा. होता. जांभळ्या झग्याच्या खिशात.

"कुठाय?"

"आत."

"आत कुठे?"

"सगळ्यात आत!"

"मग हात घाल."

"गाठ बसलीय रे."

इडवलने लग्नामयताच्या सुटाच्या खिशातून मेंढ्यांचे खूर कापायचा चाकू काढला आणि बायकोची दोरी कचकन कापली. पहिल्या बाकावरच्या एका बाईने डोळे मिटून घेतले. गोणी डोक्यावरून निघाली, पाव-शेर पाणी घेऊन. टेगवेनने ती खाली टाकायला हात लांब केला.

"फरशीवर नको!" आयर्लिसच्या तोंडून गेलं. कालच दोन तास गुडघ्यांवर बसून मेण लावलं होतं तिने. तिने चार पावलं धावत येऊन गोणी अधांतरी झेलली.

मग थांबायचं कुठे? मेणकापडाचा कोट आला, तो झेलला. पट्टे सुटले, रबरी विजार आली. टेगवेन एका पायावर नाचत होती, इडवलने कोपराला धरलं होतं, आणि आयर्लिस विजारीच्या खाली हात धरून फिरत होती, थेंब पडू नये म्हणून. स्वेटर आला. गरम पाण्याची पिशवी आली. आयर्लिसने ती हनुवटीखाली दाबली, हात उरले नव्हते. मग गावच्या साप्ताहिकाचे दोन अंक. अंकाच्या पहिल्या पानावर, चॅपेलची फरशी चमकवल्याबद्दल, आयर्लिस बेबचा फोटो होता. तोही तिनेच घेतला.

कुणी हसलं नाही. प्लगेनमध्ये हसत नाहीत. पण बाक हलत होते. पाळकबुवांनी बायबल तोंडासमोर धरलं होतं, उलटं. ट्रेवोर बेब भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे उडत होते.

मायरिग गंभीरपणे म्हणाले, "आता पुरे, सूनबाई. बाकीचं काय ते गाणं झाल्यावर."

हनुवटीखालची गाठ सुटली, पावाची पिशवी निघाली, आणि पीस टण्णकन उभं राहिलं. खिशातून नादकाटा निघाला. आणि लोकांनी पाहिलं: जांभळा झगा, एक सुरकुती नाही, एक थेंब नाही, मानेशी आईची चांदीची पिन, गाल प्रवचनाने, शरमेने आणि रबरी पिशवीने लाल. डोंगरावरची टेगवेन प्यू इतकी सुंदर कधी कुणी पाहिली नव्हती. फक्त पायांकडे बघायचं नाही. डावा गमबूट तिने झटकून मागच्या खोलीत उडवला. तिथे मनुकांच्या पावाचं काय झालं ते न्याहारीला कळणार होतं. आता त्या पायात इडवलचा राखाडी मोजा होता, अंगठ्याशी भोक पडलेला.

तिने काटा गुडघ्यावर आपटला. सूर घेतला.

आणि गायले ते. पहिल्या कडव्यात इडवलचा आवाज हसू दाबल्यामुळे थरथरत होता, दुसऱ्यात सावरला. चौथ्या कडव्याला मायरिगचा खालचा आवाज आला, आधी जुन्या दारासारखा कुरकुरत, मग मोकळा. सातव्याला तो बाकांच्या लाकडात उतरला. लोकांच्या पाठी सरळ झाल्या. न्यूमोनिया झालेला माणूस तो, सतरा कडव्यांत एकदाही बसला नाही, एकदाही चुकला नाही. शेवटच्या कडव्याला दोघांनी सूर सोडला तरी त्याने धरून ठेवला, अजून थोडा, अजून थोडा, जणू कुणी घ्यायला येईल म्हणून दारात कंदील धरावा तसा. मग सोडला. टेगवेनचा सुटलेला श्वास पहिल्या बाकापर्यंत ऐकू गेला.

तिघं जागेवर जाऊन बसले. एक मखमल, एक मोजा: टप्, फस्, टप्, फस्.

आता राहिली आयर्लिस. ती पुढेच उभी होती, दोन्ही हातांत कोट, विजार, गोणी, स्वेटर, हनुवटीखाली पिशवी. पुढे आली होती, तेव्हा गायलाच हवं होतं. खाली ठेवावं तर फरशी. कुणाला द्यावं तर नणंदेने हात पाठीमागे घेतलेले. तिने टेगवेनकडे पाहिलं. टेगवेन उठायला लागली होती, "आण गं इकडे," असं पुटपुटत. पण आयर्लिसने मान हलवली. हलवली म्हणजे पिशवीवर घासली. ती गायला उभी राहिली, तशीच. मेणकापडावरून एक एक थेंब तिच्या मखमली चपलांवर पडत होता, आणि ती तिकडे बघतही नव्हती. तिच्या मनात आधी कुठलं गाणं होतं ते तिचं तिला आणि देवाला ठाऊक. तिने सुरू केलं ते बेबांचं, मेंढपाळांचं, आणि खरं सांगायचं तर सुरेख केलं. नणंदेने साथ धरली. खालचा आवाज ट्रेवोरचा, तो मात्र यायला तयार नव्हता. त्याने दोनदा तोंड उघडलं, दोनदा त्याची नजर बायकोच्या हनुवटीखाली गेली, आणि दोनदा त्याला पुन्हा भिंतीकडे वळावं लागलं. गाणं दोन आवाजांवर लंगडायला लागलं. आयर्लिसच्या कपाळावर घाम आला.

तेव्हा तिसऱ्या बाकाच्या लाकडातून हळूच खालचा आवाज आला.

टेगवेनने चमकून शेजारी पाहिलं. मायरिग डोळे मिटून, जागेवर बसल्या बसल्या, बेबांच्या गाण्याला खालचा सूर देत होते. गाणं चालायला लागलं. आयर्लिसचे खांदे खाली आले. असं बाकावरून गाऊ नये असा नियम नव्हता, कारण तसं कधी कुणी केलंच नव्हतं.

टेगवेनने त्यांची बाही ओढली. "बाबा," ती कानाशी कुजबुजली, "हे त्यांचं गाणं आहे."

"ठाऊक आहे गं," दोन कडव्यांच्या मध्ये म्हातारा म्हणाला, "पण माझा घसा आत्ता कुठे तापलाय."